कंटेनर नको, पगार द्या : हैतीच्या मदतीबद्दल मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मंडळातल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मेलिसा वादळानंतर इथे अमेरिकेत आपल्या मंडळाने कॅरिबियन बेटांतल्या हैतीसाठी मदत उभी करायचं ठरवलं, हे पत्रकात वाचून बरं वाटलं. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ते वादळ जमैकावर आदळलं आणि बातम्याही जमैकाच्याच झाल्या. हैतीच्या भूमीवर ते थेट आलंच नाही. तिथे नुसता पाऊस कोसळत राहिला आणि पेटी-गोआव्ह गावात ला डिग नदी लोकांच्या घरांत शिरली. त्या एका गावात वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत मुलं बरीच होती. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ही बातमी आपल्या लोकांच्या लक्षात राहिली, याचं मला खरोखर कौतुक आहे.

म्हणूनच पत्रकातल्या बेताबद्दल स्पष्ट लिहितो. कपडे, ब्लँकेटं आणि औषधांचा एक कंटेनर, वसंतात डॉक्टरांचं आठवडाभराचं ‘मेडिकल मिशन’, आणि ‘रक्कम शिल्लक राहिल्यास’ एखाद्या संस्थेला देणगी, असा क्रम तुम्ही लावला आहे. माझी विनंती अशी की पहिल्या दोन गोष्टी रद्द कराव्यात आणि जी शेवटी ‘शिल्लक’ म्हणून लिहिली आहे तीच सगळी मदत समजावी. ती रक्कम हैतीतल्याच संस्थांना द्यावी, तिथल्या नर्स, लॅब तंत्रज्ञ, आरोग्यसेविका आणि ड्रायव्हर यांच्या पगारासाठी.

हे ऐकायला रुक्ष वाटेल. पगारासाठी वर्गणी मागितली तर किती जण देतील, असा प्रश्न समितीत कुणीतरी विचारेलच. त्याकडे येतोच. आधी कंटेनर.

मी पेशाने हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे, तेव्हा औषधांबद्दल जरा सविस्तर बोलू द्या. पत्रकात ‘न वापरलेली, मुदत न संपलेली औषधं आणावीत’ असं म्हटलं आहे. म्हणजे काय येणार ते मी आत्ताच सांगू शकतो. दवाखान्यांतली सॅम्पलं येतील. आजीच्या निधनानंतर उरलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, भारतातून येताना आणलेल्या अँटिबायोटिकच्या अर्ध्या स्ट्रिप्स, खोकल्याची औषधं, मल्टिव्हिटॅमिनच्या भल्यामोठ्या बरण्या. यातली एकही वस्तू माझ्या फार्मसीच्या खिडकीवर कुणी परत आणून दिली, तर मी ती दुसऱ्या रुग्णाला देऊ शकत नाही. ती कुठे ठेवली होती, किती तापली, कुणी उघडली, काहीच ठाऊक नसतं. जे बॉस्टनच्या रुग्णाला चालत नाही ते हैतीच्या रुग्णाला कसं चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम १९९६ मध्येच घालून दिले, पुढे त्यांत सुधारणाही झाल्या. घेणाऱ्याने मागितलेलीच औषधं पाठवावीत. रुग्णांनी परत केलेली औषधं आणि डॉक्टरांची सॅम्पलं पाठवू नयेत. माल पोचेल त्या दिवशी किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. वेष्टणावरची भाषा तिथल्या डॉक्टर-नर्सना वाचता यायला हवी, म्हणजे हैतीसाठी फ्रेंच. कपडे-ब्लँकेटांत औषधं मिसळू नयेत. आपला कंटेनर यातला जवळजवळ प्रत्येक नियम मोडतो. हे नियम कुणा बाबूने कागद रंगवण्यासाठी लिहिलेले नाहीत. एकामागून एका आपत्तीत गोदामं भरून निरुपयोगी औषधं येऊन पडली, ती निवडायला हाताशी असलेले मोजके फार्मासिस्ट अडकले आणि शेवटी ती जाळायचा खर्चही त्याच गरीब देशाच्या बोकांडी बसला, त्यातून हे नियम आले.

हैतीत औषधांची सरकारी-आंतरराष्ट्रीय साठवणूक मुळीच नाही असंही नाही. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला ‘प्रोमेस’ नावाचं मध्यवर्ती औषधभांडार १९९२ पासून आहे, पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनच्या मदतीने चालणारं. रुग्णालयांना खरी चणचण भासते ती सलाईन, ऑक्सिजन, रक्त आणि जनरेटरच्या डिझेलची. आणि ते डिझेल गँगच्या नाक्यांमधून सुखरूप आणणाऱ्या माणसाची. आपल्या गॅरेजमधल्या खोक्यांत यातलं काय आहे?

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडे जुन्या कपड्यांचे जे ढीग गेले ते तुमच्यातल्या कित्येकांनी पाहिले किंवा ऐकले असतील. आमच्या सांगलीत तेव्हा लोकांना हवे होते ते झाडू, फिनेल, पिण्याचं पाणी आणि हातात रोख रक्कम. हैतीत तर अमेरिकेचे जुने कपडे वर्षानुवर्षं गाठोड्यांनी येतात आणि बाजारात विकले जातात. फुकट किंवा स्वस्तात आलेल्या मालाने तिथल्या माणसाची कशी वाट लागते याचा मोठा धडा तांदळाचा आहे. १९९० च्या दशकात हैतीला तांदळावरचं आयात शुल्क जवळजवळ काढून टाकायला लावलं, अमेरिकेचा अनुदानित तांदूळ स्वस्तात आला आणि आर्तिबोनीत खोऱ्यातला भातशेतकरी बसला. २०१० च्या मार्चमध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे याची कबुली दिली. आपल्या आर्कान्सामधल्या काही शेतकऱ्यांचं त्यात भलं झालं असेल, पण हैतीचं झालं नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. राष्ट्राध्यक्षांची कबुली यायला पंधरा वर्षं लागली, तोवर शेतकरी शहरात येऊन पोर्ट-ओ-प्रिन्सच्या डोंगरउतारांवर सिमेंटच्या ठोकळ्यांची घरं बांधून राहिले होते. १२ जानेवारी २०१० ला संध्याकाळी पाचच्या सुमारास जमीन हलली तेव्हा पडली ती बरीचशी तीच घरं.

आता डॉक्टरांकडे वळतो, आणि इथे मला जास्त जपून लिहायला हवं. यातले काही माझे जवळचे मित्र आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

२०१० च्या त्या भूकंपाची तीव्रता ७.० होती आणि केंद्र राजधानीपासून जेमतेम २५ किलोमीटरवर, लेओगानजवळ. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे, पण दोन लाखांच्या वरच तो बहुतेक धरला जातो. राजधानीतल्या सरकारी जनरल हॉस्पिटलच्या आवारातली नर्सिंगची शाळा विद्यार्थिनींसकट कोसळली. म्हणजे जखमींची शुश्रूषा करायला ज्या मुली उभ्या राहायच्या, त्याच ढिगाऱ्याखाली होत्या. जगभरातून डॉक्टर निघाले. विमानतळाला धावपट्टी एकच, नियंत्रण मनोरा मोडलेला, वाहतूक अमेरिकी हवाई दलाच्या हाती. आणि त्या गर्दीत ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ची सामान आणणारी पाच विमानं उतरू न देता शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिककडे वळवली गेली. ही संस्था १९९१ पासून हैतीत काम करत होती, तिच्याकडे हवा भरून उभारता येणारं रुग्णालय होतं, शल्यचिकित्सक आधीच तिथे होते. सिते सोले वस्तीतल्या शोस्काल रुग्णालयात त्यांच्या पथकाला अंगच्छेदाच्या शस्त्रक्रियांसाठी बाजारातून करवत विकत आणावी लागली. धावपट्टीवर त्या वेळी कोणकोण उतरत होतं याची यादी मी देत नाही. सद्भावना घेऊन आलेलं प्रत्येक विमान दुसऱ्या कुठल्यातरी विमानाची जागा घेत होतं, एवढंच लक्षात घ्या.

हजारो लोकांचे हातपाय कापावे लागले. त्यांतले किती टाळता आले असते यावर अस्थिरोगतज्ज्ञांत पुढे बराच वाद झाला. कारण काही पथकं आली, कापलं, नोंद न ठेवता परतली. जखम पुन्हा उघडायची, साफ करायची, टोक नीट करायचं, कृत्रिम पाय बसवायचा आणि वाढत्या मुलाला तो दर थोड्या काळाने बदलून द्यायचा. हे सगळं कुणी करायचं? जे तिथेच राहणार होते त्यांनी.

या गोंधळातूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांचं वर्गीकरण आणि किमान अटी ठरवल्या. त्यातली सगळ्यात खालची पायरी, ‘टाइप १’, म्हणजे फक्त बाह्यरुग्ण. तिलासुद्धा दिवसाला निदान शंभर रुग्ण तपासता यायला हवेत. आपलं पाणी, आपलं अन्न, आपले तंबू, आपली वीज आणि आपला वैद्यकीय कचरा विल्हेवाटीला लावायची सोय आपल्यासोबत आणायला हवी. यजमान देशाच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी हवी, त्या देशात काम करण्याचा परवाना हवा, रुग्णाची नोंद त्याच्या हाती आणि खात्याच्या हाती द्यायला हवी. आपल्या पथकात दोन हृदयरोगतज्ज्ञ, एक त्वचारोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ आणि कॉलेजच्या अर्जात लिहायला अनुभव हवा असलेली आठ मुलं आहेत. मुलांबद्दल राग नाही. पण त्यांनी हैतीच्या रुग्णाला इंजेक्शन का द्यावं, जे त्यांना इथे अमेरिकेत देता येणार नाही?

समजा, तरीही गेलात. शिबिर भरलं, रक्तदाब मोजले. हैतीत उच्च रक्तदाब घरोघरी आहे, तेव्हा खूप सापडतील. प्रत्येकाला महिनाभराच्या अम्लोडिपिनच्या गोळ्या दिल्या. बत्तिसाव्या दिवशी तो माणूस कुठे जाणार? जवळच्या आरोग्यकेंद्रात. तिथे नर्स असली तर ती पुन्हा रक्तदाब मोजेल, गोळ्या देईल, मीठ कमी करायला सांगेल आणि तो आला नाही तर कुणाला तरी त्याच्या घरी पाठवेल. नसली तर तुमच्या शिबिराचा उपयोग त्या महिन्यापुरता. सगळं अडतं ते तिच्या असण्यावर, आणि तिचं असणं अडतं ते तिच्या पगारावर. बारा जणांची विमान तिकिटं, हॉटेल, विमा आणि सुरक्षारक्षक यांचा खर्च मांडून पाहा. तेवढ्यात हैतीतल्या एखाद्या ग्रामीण केंद्रातल्या नर्सेस बराच काळ टिकतील.

शिवाय आज जायचं कसं? नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरणाऱ्या प्रवासी विमानावर गोळीबार झाला आणि अमेरिकेच्या विमान कंपन्यांना तिथे उतरायला बंदी आली. राजधानीचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात आहे. तेरा लाखांहून अधिक माणसं घर सोडून विस्थापित झाली आहेत. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने आपले नागरिक ‘ऑपरेशन इंद्रावती’खाली तिथून हेलिकॉप्टरने बाहेर काढले होते. ज्या देशातून आपलं सरकार आपली माणसं उचलून आणतं, तिथे मंडळाने सहल काढावी हे मला पटत नाही. तुम्ही अडकलात तर तुमची सुटका करायला पुन्हा हैतीचीच माणसं जीव धोक्यात घालणार.

बाहेरून आलेली मदत कुठवर नुकसान करू शकते, हे पाहायचं असेल तर कॉलरा पाहा. हा भाग मी थोडक्यात आटोपू शकत नाही.

हैतीत शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती. भूकंपानंतरच्या छावण्यांतूनही तो निघाला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तो सुरू झाला तो भूकंपग्रस्त भागापासून लांब, मिर्बालेजवळ, आर्तिबोनीत नदीच्या एका ओढ्याकाठी. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती आणि नेपाळहून नुकती आलेली तुकडी तिथे राहत होती. छावणीचा मैला त्या ओढ्यात जात होता. गावकऱ्यांनी पहिल्या दिवसांपासून हेच सांगितलं. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी गावागावाच्या नोंदी लावून तेच दाखवलं आणि जनुकीय तपासणीतही जंतू नेपाळच्या जंतूशी जुळला. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले. पीडितांनी भरपाई मागितली तेव्हा २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो अर्ज विचारात घेण्याजोगाच नाही म्हणून परत लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयातला दावाही कायदेशीर संरक्षणाच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. १ डिसेंबर २०१६ ला, पद सोडायला महिना उरलेला असताना, सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली. तीही साथीच्या काळात पुरेसं केलं नाही याबद्दल. ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, तिच्यात देशांनी भर घातली ती अगदी किरकोळ.

याच कॉलऱ्याची दुसरी बाजू मला फार्मासिस्ट म्हणून जास्त भावते. कॉलरा थोपवायला हैतीत जी कामं झाली ती दिखाऊ नव्हती. क्लोरीनच्या गोळ्या, मीठ-साखरेचं पाणी, सलाईन आणि रुग्ण सापडला की चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत त्याच्या घरी जाऊन आसपासची घरं निर्जंतुक करणारी स्थानिक पथकं. २०१२ च्या वसंतात हैतीतल्या दोन आरोग्यसंस्थांनी, ‘झान्मी लासान्ते’ने आर्तिबोनीतच्या भातखाचरांच्या भागात आणि ‘गेस्कियो’ने राजधानीतल्या झोपडपट्टीत तोंडावाटे देण्याची कॉलऱ्याची लस दिली. एकूण लाखभर लोकांना, दोन डोस, दोन आठवड्यांच्या अंतराने. ‘इतक्या अडाणी, विखुरलेल्या वस्तीत दुसऱ्या डोसला कोण येणार’ म्हणणारे तज्ज्ञ तेव्हा कमी नव्हते. लोक आले, बहुसंख्येने आले. आणि ती लस, ‘शानकॉल’, आपल्या हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने बनवलेली होती. भारतातून हैतीला गेलेली माझ्या माहितीतली सगळ्यात कामाची वस्तू हीच. कारण ती मागितलेली होती, शीतसाखळीतून, म्हणजे वाटेत सतत थंड ठेवून गेली आणि घरोघर पोचवणारी माणसं तिथे आधीच पगारावर होती. २०१९ च्या फेब्रुवारीनंतर तीन वर्षांहून अधिक काळ हैतीत कॉलऱ्याचा एकही निश्चित रुग्ण नव्हता. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, टोळ्यांनी इंधनाचा साठा अडवून पाणीपुरवठा ठप्प झाला असताना, तो परत आला.

आता पैशाचं. ‘देणगी कुठे जाते कळत नाही, वस्तू दिली की निदान दिसते,’ हा युक्तिवाद मी समितीत ऐकला आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. अमेरिकन रेड क्रॉसने भूकंपानंतर जवळजवळ ५० कोटी डॉलर गोळा केले. २०१५ मध्ये दोन वृत्तसंस्थांनी शोध घेतला तेव्हा त्यांनी बांधलेली कायमची घरं निघाली सहा. रेड क्रॉसने आपली बाजू मांडली, तात्पुरते निवारे, दुरुस्त्या, आरोग्यसेवा असा हिशेब दिला, तरी सहा हा आकडा काही त्यांना पुसता आला नाही. ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं आणि हैतीने त्यांच्या ब्रिटिश शाखेला देशातून काढलं. हे सगळं खरं आहे. पण यातून ‘हैतीचे लोक भ्रष्ट, पैसे खातात’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना विचारावंसं वाटतं : पैसे त्यांच्या हातात दिले कधी होते? २०१० च्या तातडीच्या मदतनिधीतला जेमतेम एक टक्का हैती सरकारकडे गेला आणि हैतीच्या स्वतःच्या संस्थांना त्याहूनही कमी. बाकीचा देणाऱ्या देशांच्या लष्कराला, त्यांच्याच कंत्राटदारांना, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना आणि बाहेरच्या मोठ्या स्वयंसेवी संस्थांना. जेवायला बसवून ताट दुसऱ्याच्या पुढे ओढायचं आणि वर म्हणायचं की पाहुणा खादाड आहे.

मग द्यायचं कुणाला? नावं घेतो. झान्मी लासान्ते १९८० च्या दशकात मध्य पठारावरच्या कांज गावात सुरू झाली, फादर फ्रिट्झ लाफोंताँ आणि पॉल फार्मर यांच्या पुढाकाराने. फार्मर २०२२ मध्ये गेले, संस्था हैतीच्या डॉक्टरांच्या हातात आहे. तिने एड्स आणि क्षयाच्या रुग्णांसाठी गावातलीच माणसं नेमली. रोज घरी जाऊन गोळी दिलेली पाहायची, घरात अन्न आहे का ते विचारायचं, आणि या कामाचा पगार द्यायचा, मानधनाच्या नावाखाली चहापाणी नव्हे. जामखेडला आरोळे दांपत्याने आणि गडचिरोलीत बंग दांपत्याने जे केलं ते ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. डॉ. जॉ विल्यम पाप यांचं गेस्कियो १९८२ पासून पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये एचआयव्हीवर काम करतं आहे, म्हणजे त्या विषाणूला धड नाव मिळण्याआधीपासून. आर्तिबोनीतमधल्या देशापेलचं आल्बर्ट श्वाइट्झर रुग्णालय १९५६ पासून चालू आहे. दक्षिणेत फाँ-दे-ब्लाँचं सेंट बोनिफेस रुग्णालय आहे. १४ ऑगस्ट २०२१ चा ७.२ तीव्रतेचा भूकंप दक्षिणेतच झाला, बावीसशेहून अधिक माणसं गेली. राजधानीतून दक्षिणेला येणारा रस्ता मार्तिसाँ वस्तीत टोळ्यांनी अडवलेला होता, तेव्हा उपयोगी पडली ती दक्षिणेतच आधीपासून असलेली रुग्णालयं. क्यूबाच्या डॉक्टरांचाही उल्लेख करायलाच हवा. १९९८ च्या जॉर्ज वादळानंतर ते आले आणि राहिले. २०१० च्या भूकंपाच्या दिवशी काही शे क्यूबन डॉक्टर-नर्स तिथे कामावर होतेच, त्यांना कुठून यावं लागलं नाही.

‘आणि टोळ्यांनी रुग्णालयच बंद पाडलं तर?’ हा प्रश्न खजिनदारांनी मला फोनवर विचारला. रास्त आहे. मिर्बालेचं विद्यापीठ रुग्णालय २०१३ मध्ये सुरू झालं. सुमारे तीनशे खाटा, छतभर सौर पॅनल, हैतीतला आपत्कालीन वैद्यकशास्त्राचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम. मार्च २०२५ च्या अखेरीस टोळ्यांनी मिर्बालेवर हल्ला केला, तुरुंग फोडला आणि एप्रिलमध्ये रुग्णालय रिकामं करावं लागलं. मला ती बातमी वाचून फार वाईट वाटलं. पण खजिनदारसाहेब, याचा अर्थ उलटा काढू नका. इमारत गेली, यंत्रं गेली असतील, पण तिथे बारा वर्षांत तयार झालेले शल्यविशारद, बालरोगतज्ज्ञ, नर्स यांचं शिकणं कुणाला जाळता आलं नाही. ते देशात राहतील की मायामी-मॉन्ट्रियलला जातील, हे पुन्हा पगारावर येतं. विटांवर लावलेला पैसा टोळी लुटू शकते. बाळंतपण करता येणारी नर्स दुसऱ्या गावातल्या केंद्रात जाऊन तेच काम करते.

२०२५ साली ही गरज आणखी वाढली. अमेरिकेने परदेशी मदतीचं खातंच गुंडाळलं आणि हैतीतली एचआयव्ही सेवा बऱ्याच अंशी त्या पैशावर उभी होती. औषधं आज महाग राहिलेली नाहीत. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभरच्या किमती कोसळल्या, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. पण गोळी स्वस्त झाली म्हणून ती आपोआप रुग्णापर्यंत चालत जात नाही.

आणखी एक, जे पत्रकात कुठेच नाही. आपल्यापैकी ज्यांचे आईवडील इथल्या नर्सिंग होममध्ये आहेत किंवा घरी मदतनीस येते, त्यांनी त्या बाईंना त्या कुठल्या म्हणून विचारलं आहे का? बॉस्टन, ब्रुकलिन, मायामी इथे त्या हैतीच्या असण्याची शक्यता बरीच. माझ्या वॉर्डातल्या निम्म्या नर्सिंग असिस्टंट हैतीच्या आहेत. दुहेरी पाळ्या करून त्या घरी पैसे पाठवतात, आणि परदेशातली हैतीची सगळी माणसं मिळून जे पाठवतात त्या रकमांची बेरीज हैतीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण पाचव्या भागाएवढी होते. कुठल्याही मदतसंस्थेहून मोठी मदत. त्यांच्या गावागावांच्या मंडळ्या इथे आहेत, अगदी आपल्यासारख्या, भांडणांसकट. कुठलं केंद्र चालू आहे, कुठली डॉक्टरीण विश्वासू, कुठल्या संस्थेचा नुसता फलक उरला आहे, हे त्यांना बसल्या जागी ठाऊक असतं. मदत ठरवण्याच्या सभेला त्यांच्यापैकी दोघींना बोलवा. प्रमुख पाहुण्या म्हणून शाल-श्रीफळ देऊन बसवायला नको, मत द्यायला बोलवा.

राहिला प्रश्न वर्गणीचा. पगारासाठी लोक देणार नाहीत असं मला वाटत नाही, त्यांना तसं कधी मागितलेलंच नाही. आपल्या गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकाच्या प्रवासखर्चाला लोक देतात ना? ‘एका नर्सचा एका वर्षाचा पगार’ असा एक वाटा ठरवा, संस्थेकडून खरा आकडा मागवा, दहा कुटुंबं मिळून एक वाटा उचलतील. तीन वर्षांसाठी सांगा, एका वर्षासाठी नको, कारण एका वर्षाच्या पैशावर कुणी माणूस नेमत नाही. दर सहा महिन्यांनी संस्थेचा ताळेबंद मागा. नर्सचा फोटो मागू नका. आणि ‘कशासाठी खर्च करायचा ते तुम्ही ठरवा’ असं वाक्य पत्रात लिहा. कधी डिझेल आधी लागतं.

कंटेनरचं आरक्षण अजून पक्कं झालेलं नाही आणि आगाऊ रक्कम परत मिळू शकते, असं सचिवांकडून कळलं. गोळा झालेले चांगले कपडे इथल्याच निर्वासित कुटुंबांच्या केंद्रात देता येतील. मी गाडी घेऊन येतो. औषधांची खोकी माझ्याकडे द्या, ती नियमाप्रमाणे नष्ट करायची व्यवस्था मी करतो. डॉक्टर मंडळींनी ठरवलेली रजा घ्यावीच, पण तिकिटाचे पैसे निधीत टाकावेत. ज्यांना शिकवायचं आहे त्यांनी हैतीच्या शिकाऊ डॉक्टरांसाठी आठवड्याला एक ऑनलाइन तास घ्यावा, त्यांनी विषय सांगितला तर. फ्रेंच येत नसेल तर दुभाष्याचा खर्च आपण करू.

रविवारच्या सभेत हे पत्र वाचून दाखवावं आणि ठराव मतास टाकावा, ही विनंती. अनुमोदनासाठी मी हजर आहे.

आपला,
मंडळाचा एक आजीव सभासद
बॉस्टन परिसर